नारिंगी पट्टी

रविवारी दुपारी एल्डन पेल्की कपडे धुवायला निघाला होता. कपड्यांची पिशवी दाराशी ठेवून तो फक्त गाणं बंद करायला कॉम्प्युटरकडे वळला, आणि तिथेच त्याच्या लक्षात आलं की पडद्यावरच्या दोन विंडोंमधली फट वरच्या फटीपेक्षा केसभर रुंद दिसतेय. त्याने खुर्ची ओढली. कपडे त्या दिवशी धुतले गेले नाहीत.

हे नेहमीचंच होतं. शाळेत असताना त्याने पहिल्यांदा कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली घातली, तेव्हापासून त्याचा डेस्कटॉप सलग महिनाभरही एकसारखा राहिला नव्हता. विंडोंच्या पट्ट्या वरून खाली गेल्या, खालून नाहीशा झाल्या, परत आल्या. घड्याळाने चारही कोपरे पाहिले. लिनक्सवर सगळं बदलता येतं, आणि बदलता येतं म्हटल्यावर ते तसंच राहू देणं एल्डनला जमत नसे. कामावर तो तळ्याच्या पाण्याचे नमुने तपासायचा. तिथे आलेला आकडा आला तसाच लिहावा लागे. आवडला नाही म्हणून बदलायची सोय नव्हती. बर्लिंग्टनमधल्या आपल्या खोलीवर परतल्यावर त्याचे हात शिवशिवत, त्याचं कारण कदाचित हेच असावं.

त्याच्यासारख्यांचा इंटरनेटवर एक गट होता. गटातले लोक आपापल्या डेस्कटॉपचे फोटो टाकत आणि एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवत. त्या फोटोंत कुणी काम करताना कधीच दिसत नसे. धुक्यातला डोंगर, कोपऱ्यात घड्याळ, आणि एखादी विंडो, तीही फोटोपुरती उघडलेली. यंदा सगळ्यांचा राग पट्टीवर होता. विंडोच्या माथ्यावर जी पट्टी असते, जिच्यावर नाव असतं, जिला धरून विंडो हलवायची आणि जिच्या कडेच्या फुलीवर टिचकी मारून ती बंद करायची, ती पट्टी म्हणजे निव्वळ अडगळ, असं गटाने ठरवून टाकलं होतं. जाणकार माणूस सगळं कीबोर्डवरून करतो. त्याला पट्टी लागतेच कशाला?

एल्डनने त्या दुपारी फट दुरुस्त केली. मग फट दुरुस्त झाल्यामुळे पट्टी खटकायला लागली, म्हणून पट्ट्या काढल्या. मग पट्ट्या काढल्याच आहेत तर सेटिंग्जच्या फायलीतला पट्ट्यांचा सगळा जुना पसारा कशाला ठेवायचा, म्हणून तो साफसफाईला बसला. मधेच काही ओळी लागल्या: पट्टी उभी, विंडोच्या डाव्या कडेला, बोटभर रुंद, रंग भडक नारिंगी.

“हे काय भयंकर केलं होतं मी?” तो स्वतःशीच म्हणाला. पानगळीच्या दिवसांत कधीतरी सगळं केशरी-पिवळं करून पाहिलं होतं, त्यातलंच उरलं असणार. त्याने त्या ओळी पुसल्या. विंडोंनी आपण होऊन पडदा आपसांत वाटून घ्यावा, एक नवी उघडली की बाकीच्यांनी सरकून जागा द्यावी, अशी नवी मांडणी केली. मग ती फाईल त्याने नेहमीप्रमाणे नेटवरच्या आपल्या साठ्यात चढवली. त्याचे सगळे कॉम्प्युटर सुरू होताना त्या साठ्यातून ताज्या सेटिंग्ज उचलत, म्हणजे एका जागी बदललं की सगळीकडे बदलायचं. घरचा, कामावरचा, बॅगेतला लॅपटॉप. असा आणखी एक कॉम्प्युटर होता. तो त्याला आठवला नाही.

आठवला तो बुधवारी. प्रयोगशाळेच्या जेवणघरात डब्यातलं थंड मॅकरोनी आणि चीज खात तो फोनवर गट वाचत होता. त्याच्या फोटोचं कौतुक झालं होतं, पण विनिपेगच्या नॉर्बर्टने काडी टाकलीच होती: “पट्टी नाही, फुली नाही. माझे आजोबा आले तर विंडो धरणार कुठे? शेपटीला?”

एल्डनने हसत टाइप करायला घेतलं: “आजोबांना वेगळी करून दे की. उभी, भडक रंगाची, डाव्या कडेला...”

त्याचा अंगठा तिथेच थांबला.

आई.

डोरिन पेल्कीच्या मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी नोव्हेंबरात तुंबली होती. हात-पाय शाबूत, बोलणं शाबूत, जिभेची धार तर आणखी वाढलेली. गेली ती फक्त दोन्ही डोळ्यांची डावीकडची बाजू. समोर बघत असली तर नाकाच्या डावीकडचं तिला काहीच दिसत नसे. “तिथे काळं दिसतं का गं?” असं एल्डनने हॉस्पिटलात विचारलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, “तुला तुझ्या पाठीमागे आत्ता काय दिसतंय? काळं? नाही ना? काहीच दिसत नाहीये, आणि दिसत नाहीये हेही जाणवत नाहीये. तसंच.”

पंचाईत तीच होती. ताटातले अर्धे बटाटे तसेच राहायचे आणि तिला वाटायचं, जेवण संपलं. पुस्तकाची ओळ ती मधूनच वाचायला लागायची. हॉस्पिटलातल्या बाईंनी एक साधा उपाय शिकवला: डाव्या टोकाला एक भडक खूण ठेवा, आणि ती खूण दिसेपर्यंत डोळे डावीकडे नेत राहा. खूण दिसली नाही म्हणजे अजून सुरुवात आलेली नाही. डोरिनने लाकडी पट्टीला शिकारी लोक झाडांना बांधतात ती नारिंगी फीत गुंडाळली आणि कागदासाठी खूण तयार केली. पडद्यासाठी एल्डनने केली. प्रत्येक विंडोची पट्टी उभी करून डाव्या कडेला नेली, नारिंगी केली, बोटभर रुंद केली. जानेवारीत ती पट्टी बघून आईने नारिंगीपासून सुरुवात करून एक आख्खी बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. एल्डनच्या या छंदाचा कुणाला उपयोग झाल्याची तेवढी एकच वेळ.

आणि कामाच्या सोयीसाठी त्याने आईचा कॉम्प्युटरही आपल्याच साठ्याला जोडून ठेवला होता. काही सुधारणा केली तर आपोआप पोहोचेल म्हणून.

त्याने डबा बंद केला. आज बुधवार. वेस्ट हार्लो गावच्या ‘रेकॉर्ड’ साप्ताहिकाचा अंक बुधवारी दुपारी छापखान्याकडे जातो, आणि त्याची पानं डोरिन लावते, एल्डनच्या जन्माआधीपासून. ती आजारी असताना संपादक रस कोलबर्नने पानं दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीकडून लावून घेतली होती. त्यांनी शेजारच्या गावच्या चर्चचा फोटो पहिल्या पानावर टाकला, पण वेळेवर टाकला. त्यांना आता वर्षाचा करार हवा होता. रसने डोरिनला स्वच्छ सांगितलं होतं, “गावसभेचा अंक तू लाव. नीट गेला तर पानं तुझी. नाही गेला, तर मी सही करतो आणि आपण दोघं म्हातारे झालो असं समजू.”

वर्षातून एकदा गावसभा भरते, तिच्या आधीचा अंक, म्हणजे आजचा अंक.

आईचा मोबाईल वाजत राहिला. बुधवारी तो खणात असतो. त्याने कचेरीत फोन लावला.

“रेकॉर्ड,” रसचा आवाज आला. मागे कुठेतरी प्रिंटर करकरत होता.

“रस, मी एल्डन. आई आहे का?”

“आज बुधवार आहे बाळा. बुधवारी इथे कुणाला मरायचं असेल तरी गुरुवारपर्यंत थांबावं लागतं.”

“तिचं काम कसं चाललंय?”

रसने आवाज खाली केला. “काल रात्री वादळाने वीज गेली होती, सकाळी सगळी यंत्रं पुन्हा सुरू करावी लागली. तेव्हापासून तुझी आई गप्प आहे. सकाळपासून मला एकदाही मूर्ख म्हणाली नाही. का रे? काही आहे का?”

पुन्हा सुरू करावी लागली. म्हणजे सोमवारी-मंगळवारी पट्टी होती, आज सकाळी गेली. आणि आई गप्प आहे, कारण कॉम्प्युटर बिघडलाय म्हणायचं तर रसपुढे म्हणावं लागेल.

“काही नाही,” एल्डन म्हणाला. “सहज केला होता.”

बसल्या जागेवरून तिच्या कॉम्प्युटरात शिरणं त्याला शक्य होतं. लॅपटॉप उघडून त्याने बोटं कळांवर ठेवलीसुद्धा. पण ती आत्ता काम करतेय. मांडणी बदलली की सगळ्या विंडो तिच्या डोळ्यांसमोर उड्या मारतील, आणि एखादी बंद पडली तर लावलेलं पान जाईल. आधी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि सांगायला ती फोन घेत नाही. त्याने लॅपटॉप मिटला, उघडला, पुन्हा मिटला. मग वरिष्ठ बाईंना “आईकडे जावं लागतंय” एवढंच सांगून तो गाडीत बसला.

पूर्वेकडचा रस्ता गोठून, वितळून, पुन्हा गोठून जागोजाग फुगला होता. प्रत्येक उंचवट्यावर गाडी उडत होती आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यात एक नवी दुरुस्ती येत होती. आईच्या सेटिंग्ज वेगळ्या ठेवायच्या. नाही, सेटिंग्ज एकच ठेवायच्या पण तिची पट्टी कुलूपबंद करायची. नाही, पट्टी गेलीच तर कॉम्प्युटरने घंटा वाजवायची. रेडिओ लावला, बंद केला. मेपलच्या झाडांना गोड चीक गोळा करायच्या निळ्या नळ्या लागल्या होत्या. वेस्ट हार्लोच्या वेशीपाशी कुणीतरी प्लायवूडवर लाल रंगाने लिहून ठेवलं होतं: गावसभा यंदा शाळेत! सोबत काहीतरी खायला आणा!

रेकॉर्डची कचेरी म्हणजे जुन्या बियाण्याच्या दुकानातल्या दोन खोल्या. आत लाकडाची शेगडी पेटलेली, आणि तिच्याजवळ बुटांची रांग. डोरिन पडद्यासमोर ताठ बसली होती. रस तिच्या खुर्चीमागे उभा होता, तोंडात पेन्सिल, पँटचे पट्टे खांद्यांवरून घसरलेले.

“अरे, हा कसा काय इथे?” रस म्हणाला. “सहज फोन करणारा सहज टपकला.”

“एल्डन?” डोरिनने मान पूर्ण डावीकडे वळवून त्याला शोधलं. “नोकरी गेली की काय तुझी?”

“नाही गं. आई, तुझ्या पडद्यावरची पट्टी...”

“गेली. दिसतंय मला. म्हणजे दिसत नाहीये, ते कळलंय मला.” तिने हनुवटीने पडद्याकडे खूण केली. “मी माझी लावली.”

तिने खरोखरच लावली होती. शिकाऱ्यांच्या नारिंगी फितीचा एक तुकडा तिने पडद्याच्या काचेवर वरपासून खालपर्यंत चिकटवला होता, सकाळी पान जिथून सुरू होत होतं बरोबर तिथे. एल्डनला क्षणभर हसू आलं, आणि लगेच त्याचं लक्ष पानाकडे गेलं. फीत काचेवर होती. ती हलणार नव्हती. पण त्याच्या रविवारच्या नव्या मांडणीत प्रत्येक नवी विंडो उघडली की बाकीच्या सरकत होत्या. मधल्या वेळात पान डावीकडे सरकलं होतं. फीत आता पहिल्या आणि दुसऱ्या कॉलमच्या मधोमध उभी होती. आई फितीपासून वाचत होती. पहिला कॉलम तिच्या जगातच नव्हता.

पान पाचवं होतं, पंचमंडळाच्या उमेदवारांचं. गेल्या वर्षीचं पान उघडायचं आणि मजकूर बदलत जायचं, ही तिची जुनी पद्धत. यंदाचे दोन उमेदवार दोन कॉलमांत व्यवस्थित बसले होते. आणि फितीच्या डाव्या बाजूला, फोटोसकट, गेल्या वर्षीचा वेंडेल कार आपल्याला मत द्या म्हणत होता.

“हे पाठवलं की सहावं,” डोरिन म्हणाली आणि तिचा हात माउसकडे गेला.

एल्डनला राहवलं नाही. “आई, डावीकडे बघ! वेंडेल अजून उभाच आहे!”

शेगडीतलं लाकूड तडकलं. रसने पुढे वाकून पाहिलं आणि तोंडातली पेन्सिल काढली.

“वेंडेल,” तो म्हणाला. “तो तर फ्लोरिडाला गेला ना मागच्या मे महिन्यात? निवडून आला तर विमानाने येणार का सभेला?”

डोरिनने मान वळवत नेली, फितीच्या पलीकडे, आणखी पलीकडे, आणि वेंडेल सापडल्यावर ती थांबली.

“चूक तिची नाही,” एल्डन घाईघाईने म्हणाला. “माझी आहे. मी रविवारी माझ्या कॉम्प्युटरवर पट्ट्या काढल्या, तिचा त्यालाच जोडलेला होता, आणि वीज गेल्यावर तिच्याही गेल्या. पट्टी असती तर तिला नक्की दिसलं असतं. तू तिला दोष देऊ नकोस, रस, तू जर...”

“म्हणजे,” रस सावकाश म्हणाला, “तुला रविवारी कंटाळा आला की माझा बुधवारचा अंक सरकतो.”

“एल्डन,” डोरिन म्हणाली.

“मी आत्ता नीट करतो, दोन मिनिटांत...”

“एल्डन, गप्प बस.” ती आवाज न चढवता म्हणाली. “मी पान छापखान्याला पाठवत नव्हते. प्रिंटरला पाठवत होते. मी कधी पडद्यावर वाचून अंक सोडलाय? आधी कागद, मग छापखाना. कागदावर मला वेंडेल सापडला असता.”

“असता ना, मला माहीतच...”

“तुला माहीत नाही. रसलाही माहीत नाही. आता मलाही माहीत नाही. कारण तू ओरडलास.” तिने चष्मा काढून पुसला. “बोटांना चैन नाही, आता जिभेलाही नाही.”

रसने दोघांकडे पाहिलं. त्याला हे सगळं अवघड जात होतं, ते त्याच्या कानांच्या रंगावरून दिसत होतं. “डोरिन, छापखान्याची वेळ होत आलीय. मी वाचतो बाकीची पानं. तू दमलीयेस.”

“मी दमलेली नाही, चिडलेली आहे. यात फरक आहे, मूर्खा.”

“चला,” रस म्हणाला, “हे बरं लक्षण आहे.”

“सगळी पानं छाप,” ती म्हणाली. “मी वाचते. तुम्ही दोघं तिथे बाकावर बसा आणि तुमच्या प्रती वाचा. पण बोलायचं नाही. खोकायचं नाही. कुणी खोकलं तर मी समजेन काय ते. माझं वाचून झालं की तुमचं दाखवा. माझ्याकडून काही निसटलेलं निघालं, तर रस, कर तू तुझी सही. मी स्वतः पेन देईन.”

रस प्रिंटरकडे गेला.

ते दोघं शेगडीजवळच्या बाकावर बसले, मांडीवर पानांचे गठ्ठे घेऊन. डोरिनने वेंडेलला काढून पान पुन्हा छापलं, मग टेबलावर पहिलं पान सरळ केलं, डाव्या कडेला नारिंगी लाकडी पट्टी ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. ती आता पूर्वीसारखी भराभर वाचत नसे. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचं डोकं परत डावीकडे जाई, नारिंगीला टेकून आल्यासारखं, आणि मग पुढची ओळ. एल्डनने वाचायचा प्रयत्न केला. त्याला आपली प्रत वाचण्यापेक्षा तिचं डोकं बघावंसं वाटत होतं. त्याने बुटाची नाडी सोडली, बांधली. रसने न बघताच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून तो हलायचा थांबवला.

पहिली पानं ठीक होती. डोरिनने एका ठिकाणी स्वल्पविराम काढला, एका मयताच्या बातमीत वय दुरुस्त केलं. एल्डन शेवटच्या पानावर पोहोचला. अख्खं पान गावसभेच्या जाहीर सूचनेचं: काय काय ठरवायचं, रस्ते सपाट करायचं नवं यंत्र घ्यायचं की जुनंच ठोकून चालवायचं, शाळेचं छप्पर, वाचनालयाची वेळ. आणि अगदी डाव्या कॉलमात, वरून खाली तिसऱ्या परिच्छेदात: सभा शेतकरी मंडळाच्या हॉलमध्ये भरेल.

त्याने पुन्हा वाचलं. वेशीवरचं प्लायवूड त्याच्या डोळ्यांसमोर आलं. यंदा शाळेत. गेल्या वर्षीची ओळ तशीच राहिली होती, आणि तीही डावीकडे.

त्याने रसकडे पाहिलं. रसची पेन्सिल त्याच ओळीवर थांबली होती. दोघांची नजरानजर झाली. एल्डनचं तोंड उघडलं. रसने एक बोट वर केलं आणि मान हलवली. नाही.

डोरिन शेवटच्या पानावर आली. पट्टी ठेवली. वाचत गेली. पहिला परिच्छेद. दुसरा. तिचं डोकं नारिंगीकडे गेलं, आलं, गेलं, आलं. तिसरा परिच्छेद. ती थांबली नाही. चौथा. एल्डनने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. एक शब्द. नुसता “आई” एवढा म्हटला तरी ती परत जाईल. खोकलं तरी चालेल. पण ती समजेल, आणि रसही समजेल, आणि मग ते काहीच ठरणार नाही, आज जसं वेंडेलचं ठरलं नाही. त्याने तोंडाच्या आतून गाल चावून धरला. ती दुसऱ्या कॉलमात गेली, तिसऱ्यात गेली, पान संपवलं. चष्मा काढला.

“झालं?” रसने विचारलं. त्याचा आवाज उदास होता.

“कसलं झालं?” डोरिन म्हणाली. “अर्धं झालं.”

तिने गठ्ठा उचलला, सगळी पानं उलट क्रमाने लावली, शेवटचं वर घेतलं, आणि डोकं न हलवता कागदच उजवीकडे सरकवला, इतका की तिच्या नजरेसमोर फक्त डावा कॉलम राहिला. बाकी सगळ्यावर तिने एक कोरा कागद झाकला. “पहिल्यांदा सगळं वाचायचं,” ती बाकाकडे न बघता म्हणाली, “मग फक्त डावीकडचं. नोव्हेंबरपासून माझा डाव्या बाजूवर विश्वास नाही. एकदा वाचलेल्या डाव्या कॉलमवर तर मुळीच नाही.”

बोट ओळीवरून सरकत गेलं. तिसऱ्या परिच्छेदात ते थांबलं, मागे आलं, पुन्हा थांबलं.

“शेतकरी मंडळाच्या हॉलमध्ये?” ती म्हणाली. “अरे देवा. तो हॉल गरम ठेवणारी भट्टी डिसेंबरातच बंद पडली. आख्खं गाव हातात कॅसरोलची भांडी घेऊन कुलपासमोर कुडकुडत उभं राहिलं असतं.” मग तिने मान वळवून बाकावरच्या दोघांना शोधलं आणि दोघांचे चेहरे नीट निरखले. “तुम्हाला दिसलं होतं.”

“मघाशीच,” रस म्हणाला.

“दोघांना?”

एल्डनने मान डोलावली. गालाच्या आत रक्ताची चव होती.

“आणि हा बोलला नाही?” डोरिन म्हणाली. “हा?”

“मी धरून ठेवला होता,” रस म्हणाला. तो उठला, पँटचे पट्टे खांद्यांवर चढवले आणि तिच्यापुढे आपली पेन्सिल ठेवली. बाकीच्या पानांचे डावे कॉलम तिने वाचेपर्यंत तो मागे उभा राहिला, पण आता तिच्यावर वाकून नव्हे, नुसता चहाचा कप धरून. आणखी काही निघालं नाही. तिच्याकडून निसटलेली एकही खूण त्याच्या प्रतीत नव्हती. अंक वेळेत गेला.

“कंपनीला मी नाही म्हणून कळवतो,” तो शेवटी म्हणाला. “पण डोरिन, पुढच्या रविवारी याला पुन्हा कंटाळा आला तर?”

“त्याचं मी बघते,” डोरिन म्हणाली. “ये इकडे, एल्डन. बस.”

तो तिच्या खुर्चीवर बसला आणि काचेवरची फीत हळूच सोलून काढली. जुन्या फायलींच्या प्रती साठ्यात होत्याच. जानेवारीची प्रत सापडायला वेळ लागला नाही. “मी काय म्हणतो, आता करतोच आहे तर पट्टी अजून थोडी रुंद करू. आणि विंडो हलली की पट्टी जराशी लुकलुकेल असं करतो, म्हणजे तुला लगेच...”

“एल्डन.”

“काय?”

“जशी होती तशी.”

त्याने जशी होती तशी केली. विंडो थबकल्या, सरकल्या, आणि प्रत्येकीच्या डाव्या कडेला ती उभी, भडक, नारिंगी पट्टी आली. डोरिनने मागून बघितलं. तिचं डोकं डावीकडे गेलं, पट्टीला टेकलं आणि तिथेच राहिलं. तिने श्वास सोडला.

मग तिच्या सांगण्यावरून त्याने तिचा कॉम्प्युटर आपल्या साठ्यापासून तोडला, आणि आपल्याला बाहेरून आत शिरायची जी वाट ठेवली होती ती पुसली. शेवटच्या कळेवर त्याचं बोट जरा रेंगाळलं. यापुढे इथलं काही बिघडलं तर त्याला कळणार नव्हतं, आणि सुधारायचं सुचलं तर सुधारता येणार नव्हतं. त्याने कळ दाबली.

उठता उठता त्याला ते दिसलं. पट्टी खालच्या टोकाला विंडोच्या कडेपर्यंत पोहोचत नव्हती, केसभर आधीच संपत होती. जानेवारीतच राहिलेली चूक. एका आकड्याचा प्रश्न होता. त्याची बोटं आपोआप वळली.

“आई, ही खाली जराशी कमी पडतेय. एवढंच फक्त...”

“माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून. तिथे नारिंगी तुटलं की मला कळतं, पान संपलं.” तिने त्याच्या खांद्याला धरून त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. “आता तिकडे बघ, खिडकीबाहेर. मला नवा पासवर्ड घालायचाय.”

एल्डन खिडकीशी गेला. छपराच्या कडेला बर्फाच्या सुळ्या लोंबत होत्या, कमीजास्त लांबीच्या, मधली एक तिरकी. मागे कळांचा आवाज होत होता, सावकाश, एकेक. त्याने हात खिशात घातले. मग काढले. मग पुन्हा घातले.

“एल्डन,” रस दाराशी म्हणाला, “मागच्या खोलीत जुन्या अंकांचे गठ्ठे पडलेत. दोरी तिथेच आहे. बांध.”